सीडीवाचून अडले नव्हते, ॲपवाचूनही अडत नाही

घरात ब्रॉडबँड घ्यायचे म्हणजे कंपनी देईल ते सॉफ्टवेअर आधी घालून घ्यायचे, असा एक समज आपल्याकडे अगदी पहिल्यापासून आहे. पूर्वी मोडेमच्या खोक्यातून एक सीडी निघायची. आता जोडणी करायला आलेला मुलगा दारातच म्हणतो, "आजी, आमचं ॲप टाकून घ्या आधी." सीडी गेली, ॲप आले, समज मात्र जागच्या जागी आहे. माझे मत सरळ आहे. बहुतेक घरांत या दोन्हींची गरज नाही. गरज आहे ती चार ओळींच्या माहितीची, आणि ती माहिती आपल्या घरात, आपल्या हस्ताक्षरात लिहिलेली असण्याची.

हे सांगणारी बाई संगणकशास्त्र शिकलेली नाही. बी.ए. मराठीची, जन्मभर शाळेत व्याकरण आणि निबंध शिकवलेली. म्हणून तर हे लिहावेसे वाटते. जे मला जमते ते तुम्हाला न जमण्याचे काही कारण नाही. घरचे लोक वाचून म्हणतील, "काकूचं आता हे नवीनच काहीतरी." म्हणोत बापडे.

आधी हे सॉफ्टवेअर आले कुठून ते पाहू. कारण एकेकाळी त्याला खरोखरच कारण होते.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. तेव्हा टेलिफोनवरून नंबर फिरवून जोडणी करावी लागे आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. पुढे २००४ मध्ये सरकारचे ब्रॉडबँड धोरण आले आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' सुरू केले. त्या धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. (२०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे.) गंमत म्हणजे तार तीच राहिली, टेलिफोनची जुनी तांब्याची. आपले बोलणे साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यातून जाते. एडीएसएल नावाचे तंत्र २५ किलोहर्ट्झच्या वरचा मोकळा पट्टा वापरते. रस्ता एकच, पण कडेने माणसे चालतात आणि मधून गाड्या धावतात तसे. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून भिंतीजवळ जी छोटी डबी लावत, ती म्हणजे स्प्लिटर.

आता कंपनीला कळायला हवे की तारेच्या या टोकाला कोण बसले आहे आणि त्याने पैसे भरले आहेत की नाहीत. त्यासाठी नाव आणि पासवर्ड विचारायचा. ही विचारपूस करण्याची ठरलेली पद्धत आहे, तिला पीपीपीओई म्हणतात. तिचा मसुदा फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. ही एक भाषाच म्हणा ना. ती कोणा एका कंपनीची खाजगी बोली नाही, हे महत्त्वाचे.

विंडोज ९८ ला ही भाषा येत नव्हती. मग कंपन्यांना एक दुभाष्या द्यावा लागे. सीडीतले सॉफ्टवेअर म्हणजे तो दुभाष्या. पण २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले ते ही भाषा शिकूनच. मॅक आणि लिनक्सवाल्यांनाही ती येऊ लागली होती. म्हणजे आपल्या गावात ब्रॉडबँड पोचेपर्यंत दुभाष्याचे काम संपलेले होते. तरीही जगभरच्या कंपन्यांच्या खोक्यांतून सीड्या निघत राहिल्या.

बरे, दुभाष्या एकटा येत नसे. बरोबर बिऱ्हाड आणायचा. ब्राउझर उघडला की आपले नेहमीचे पान जाऊन कंपनीचे पान येई. वरच्या अंगाला एक जादा पट्टी चिकटे. संगणक सुरू केला की न बोलावता कसलीशी खिडकी उघडे आणि 'मी मदत करू का' म्हणून विचारे. हे सगळे आपल्या संमतीनेच झालेले असे, कारण सीडी घातल्यावर आपण 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'आय ॲग्री', 'फिनिश' अशी माळ ओढलेली असे. कशाला होकार दिला ते किती जणांनी वाचले असेल? मुलाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा आपण न वाचता सही करत नाही.

आता कामाचे बोलू. सॉफ्टवेअर न घालता जोडणी करायची म्हणजे करायचे तरी काय?

पहिली गोष्ट, कंपनीकडून नाव आणि पासवर्ड कागदावर मागून घ्यायचा. दुसरी, मोडेम आणि संगणक एका तारेने जोडायचे. तिसरी, संगणकाच्या ब्राउझरमध्ये, जिथे आपण एरवी साइटचा पत्ता लिहितो तिथे, मोडेमचा पत्ता लिहायचा. तो मोडेमच्या पाठीवर किंवा पोटावर चिकटवलेल्या कागदावर असतो. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असा असतो (लिहिताना इंग्रजी आकडे वापरायचे). हा पत्ता हजारो घरांत सारखाच कसा, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपे आहे. असे काही आकडे १९९६ मध्ये घरातल्या घरात वापरण्यासाठी राखून ठेवले गेले. प्रत्येक चाळीत एक नंबरची खोली असतेच, पण चाळ वेगळी असल्यामुळे पोस्टमन चुकत नाही. त्यातलाच हा प्रकार.

त्या पत्त्यावर मोडेमचे स्वतःचे पान उघडते. ते आपल्या घरातल्या डबीतच असते, त्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी उघडते. तिथे जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडायचा, नाव-पासवर्ड भरायचा आणि 'सेव्ह' करायचे. एडीएसएलच्या मोडेममध्ये आणखी दोन आकडे लागत. बीएसएनएलच्या जोडणीला ते ० आणि ३५ असत. संपले! यानंतर कंपनीशी बोलण्याचे काम मोडेम स्वतः करतो. घरातल्या संगणकाला, फोनला, टीव्हीला काहीही शिकवावे लागत नाही. दुभाष्या तर नकोच.

काही घरांत मोडेम फक्त पुलासारखा ठेवलेला असतो, त्याला 'ब्रिज' म्हणतात. तिथे नाव-पासवर्ड संगणकात भरावा लागतो. त्याची सोयसुद्धा विंडोजमध्ये आजही तयार आहे. नवीन जोडणी करताना ब्रॉडबँड पीपीपीओई हा पर्याय निवडायचा, बस्स. तिथेही वेगळे काही घालावे लागत नाही.

"अहो काकू, आता तांब्याची तार राहिली कुठे? आता फायबर आहे," असे भाचेमंडळी म्हणतील. खरे आहे. पण मुद्दा बदलत नाही. फायबरमध्ये काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाश येतो आणि भिंतीवरची पेटी, तिला ओएनटी म्हणतात, त्याचे रूपांतर आपल्या कामाच्या संदेशात करते. यातला काही भाग खरोखरच कंपनीचा आहे. तंतू जोडणे, किती प्रकाश पोचतो ते मोजणे आणि आपल्या पेटीचा क्रमांक त्यांच्या टोकाला नोंदवणे ही कामे आपण करू शकत नाही आणि करू नयेत. पण ती झाली की पुढे पुष्कळ ठिकाणी तेच पीपीपीओई, तेच नाव, तोच पासवर्ड. काही कंपन्या तेही विचारत नाहीत, पेटी ओळखली की जोडणी देतात. दोन्ही प्रकारांत वायफायचे नाव आणि पासवर्ड ठरवणे हे आपले काम उरते, आणि बहुतेक पेट्यांमध्ये ते ब्राउझरमधून करता येते.

कुठे त्यांचे काम संपते आणि कुठे आपले सुरू होते हे ओळखण्याची खूण पेटीवरच असते. बहुतेक पेट्यांवर 'एलओएस' असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल होऊन लुकलुकला तर प्रकाश पोचत नाही, म्हणजे तंतू तुटला, दुमडला किंवा निसटला. कंपनीलाच बोलवा, घरात खटपट करू नका. 'पॉन' नावाचा दिवा स्थिर आहे आणि तरी इंटरनेट नाही, तर पेटीतली माहिती पुसली गेली आहे का ते पाहा. दोन दिव्यांचे हे ज्ञान मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

काही पेट्या कंपनीच्या ॲपशिवाय हलतच नाहीत, हे मला मान्य आहे. पण ही तांत्रिक गरज नाही, कंपनीने केलेली निवड आहे. जोडणी घेण्याआधी ग्राहकाने विचारावे: "पेटीचे पान ब्राउझरमध्ये उघडते का? माझा नाव-पासवर्ड मला लेखी मिळेल का?" दोन कंपन्यांचे दर सारखे असतील तर या उत्तरावर निवड करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, "म्हाताऱ्या माणसांना ॲपच सोपे. एक बटण दाबले की झाले." हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मीही त्याच वयाची आहे. पण शाळेत गाईड वापरणारी मुले मी तीस वर्षे पाहिली. गाईडमधले उत्तर पाठ करून मूल पास होते, आईवडीलही खूश असतात. प्रश्न जरा फिरवून आला की तेच मूल कोरा कागद देते. ॲपचे तसेच आहे. जोवर सगळे सुरळीत आहे तोवर ते सोपे.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघेही ऐंशीच्या घरात. मुलगी परदेशात. जोडणी घेताना सगळे सोपस्कार सुट्टीला आलेल्या पुतण्याच्या फोनवरच्या ॲपमधून झाले. काही महिन्यांनी इंटरनेट बंद पडले. मदतकेंद्राच्या बाईंनी फोनवर सांगितले, पेटीच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. यांनी दाबली. त्याने पेटीतली सारी माहिती पुसली गेली. मग सांगण्यात आले, आता ॲपमधून पुन्हा भरा. ॲप पुतण्याच्या नंबरला बांधलेले, ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि तो प्रवासात. कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी आला. मधल्या रविवारी मुलीचा ठरलेला व्हिडिओ कॉल झाला नाही आणि तिने घाबरून शेजाऱ्यांना फोन केला. चार दिवसांच्या या रामायणात अडले होते ते दोन ओळींवाचून: एक नाव आणि एक पासवर्ड. त्या घरात लिहिलेल्या असत्या तर दहा मिनिटांचे काम होते. त्या दोघांना त्या कधी कोणी दिल्याच नव्हत्या.

माझ्या दृष्टीने ही सोय नव्हे, परावलंबन आहे. आणि हे परावलंबन ज्यांची मुले लांब आहेत अशा घरांना सर्वात महाग पडते.

पण याहून मोठी काळजी वेगळीच आहे. ती म्हणजे विचारल्याबरोबर 'हो' म्हणण्याची सवय. कंपनीचा माणूस म्हणाला म्हणून सीडी घातली, म्हणाला म्हणून ॲप टाकले, ॲपने फोनमधले नंबर पाहू का विचारले, हो, तुम्ही कुठे आहात ते पाहू का, हो. वायफायचा पासवर्ड बदलायला माझ्या भावजयीचा नंबर कशाला हवा? हा प्रश्न विचारायचा आपण विसरतो. मग उद्या खोटाच कोणी फोन करून म्हणतो, "मी कंपनीतून बोलतोय, तुमचं कनेक्शन बंद होणार आहे, हे ॲप टाका आणि नंबर सांगा." सवयीने आपण तेही करतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशाच एका प्रकाराबद्दल सावध केले होते. एनीडेस्क नावाचे ॲप लोकांना फोनवर घालायला लावून, दुरून त्यांच्या फोनचा ताबा घेऊन पैसे काढले जात होते. ते ॲप स्वतः काही खोटे नाही, दुरून मदत करण्यासाठीच ते बनवलेले आहे. चोराला हवी होती ती आपली निमूट होकार देण्याची सवय, आणि ती आपण आधीच लावून घेतलेली होती.

ज्या घराने आपली जोडणी एकदा हाताने केली आहे त्याला असला फोन आला की पटकन शंका येते. कारण त्याला माहीत असते की या कामाला असले काही लागत नाही. माझ्या मते स्वतः जोडणी करण्याचा खरा लाभ हा आहे. शंभर सूचनांपेक्षा हा एक अनुभव जास्त शिकवतो.

दुसरा लाभ सुरक्षिततेचा. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांच्या मोडेमवर एका घातक प्रोग्रामचा हल्ला झाला होता. ज्यांचे मोडेम कारखान्यातून आले तसेच 'ॲडमिन' या पासवर्डवर होते, ते सापडले. तेव्हा कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले होते. पण ज्याने मोडेमचे पान कधी उघडलेच नाही त्याला हे आवाहन कसे कळावे? कुलूप बदला म्हटले तर आधी दाराला कुलूप आहे हे ठाऊक हवे.

इथे कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांना दुरून आपल्या पेटीत डोकावता येते, त्यासाठी २००४ पासून एक ठरलेली पद्धत आहे. त्यातून त्या दुरुस्त्या पाठवतात, ते चांगलेच आहे. पण तोच दरवाजा चोरालाही दिसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी बिघडली, ती अशाच दुरून येण्याच्या वाटेवर झालेल्या हल्ल्यामुळे. त्याच जर्मनीत त्याच वर्षी १ ऑगस्टपासून, घरात कोणता राउटर लावायचा हे ग्राहकाने ठरवावे असा कायदा लागू झाला आणि जोडणीची माहिती ग्राहकाला देणे कंपनीवर बंधनकारक झाले. म्हणजे मी मागते आहे ते काही जगावेगळे नाही. आपल्याकडेही प्रत्येक कंपनीने जोडणीच्या वेळी एक पानभर माहिती, मराठीत छापून, सही घेऊन द्यावी. विजेच्या बिलावर ग्राहक क्रमांक असतो, गॅसचे पुस्तक मिळते, मग याचेच वावडे का?

तोवर आपली वही आपण करावी. शाळेतली शंभर पानी वही पुरते. तिच्यात लिहावे: कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन. जोडणीचा नाव-पासवर्ड. पेटीच्या पानाचा पत्ता आणि ते उघडण्याचा पासवर्ड, जो पहिल्याच दिवशी बदलायचा. वायफायचे नाव आणि पासवर्ड, आणि तिथे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडले आहे ना तेही. चांगले चालत असताना कोणकोणते दिवे लागलेले असतात ते. जमल्यास पेटीच्या पानाचे दोन-तीन फोटो काढून छापून चिकटवावेत. वही कपाटात ठेवावी, भिंतीवर काही चिकटवू नये, आणि फोनवर कोणालाही यातले वाचून दाखवू नये. नाव-पासवर्ड लिहिल्याशिवाय ती टाचणी मात्र हातात घ्यायची नाही, हे लाल शाईने.

मुलांना आणि नातवंडांना एक विनंती. सुट्टीला याल तेव्हा आईवडिलांच्या घरचे इंटरनेट स्वतः झटपट लावून देऊ नका. ती खुर्ची त्यांना द्या, तुम्ही शेजारी बसा. माऊस त्यांच्या हातात राहू द्या. अर्धा तास जादा जाईल, एखादे अक्षर चुकेल, तुम्हाला वैताग येईल. तुम्ही बाराखडी गिरवताना त्यांनाही वैताग आला होता, तरी त्यांनी तुमच्या हातातली पेन्सिल काढून घेतली नव्हती.

असो. पुष्कळ लिहिले. या रविवारी आपापल्या पेटीचे पान एकदा उघडून पाहा, आणि पासवर्ड अजून 'ॲडमिन' असेल तर तेवढा तरी बदला.